प्रश्न वाचकांचे : बायोफीडबॅक, शिथिलीकरण आणि हरवलेली झोप

मागील अंकात दीर्घकालीन निद्रानाशाविषयी लिहिताना बायोफीडबॅक (शरीरातील ताण यंत्रावर पाहून तो सोडायला शिकणे) आणि शिथिलीकरण (शरीर सैल सोडण्याचा सराव) या दोन उपचारांचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच येथे घेतली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पहिल्या पत्राच्या उत्तराला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यातील भीती आणि त्यातील थकवा मी माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या तोंडून जवळजवळ रोज ऐकते.

प्रश्न : (गृहिणी, वय ५६, सातारा जिल्हा) सासूबाईंच्या आजारपणात दोन वर्षे मला रात्री-अपरात्री उठावे लागत असे. त्यांना जाऊन चार वर्षे झाली, पण माझी झोप काही परत आली नाही. दहा वाजता अंथरुणाला पाठ टेकते आणि एक-दीड वाजेपर्यंत नुसती कूस बदलत राहते. जायफळ घातलेले दूध झाले, तळपायांना काशाच्या वाटीने तेल चोळून झाले, गोळ्याही काही महिने घेतल्या. आता डॉक्टरांनी पुण्याला जाऊन बायोफीडबॅकच्या आठ-दहा बैठका घ्या असे सांगितले आहे. कपाळाला तारा लावतात असे ऐकते. विजेचा झटका देतात का? माझे डोके बिघडले आहे असे डॉक्टरांना वाटते का? एवढे जाणे-येणे करून उपयोग होईल का?

उत्तर : बायोफीडबॅकमध्ये विजेचा झटका देत नाहीत आणि शरीरात काहीही सोडत नाहीत. थर्मामीटर ताप मोजतो, ताप आणत नाही. तसेच हे सेन्सर शरीरात आपोआप चाललेले काम केवळ टिपतात आणि पडद्यावर किंवा आवाजाच्या रूपाने आपल्याला दाखवतात. झोप उडणे म्हणजे डोके बिघडणे नव्हे, आणि मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले म्हणजे आपला त्रास खोटा ठरवला असेही नव्हे. आठवड्यातून किमान तीन रात्री, असे किमान तीन महिने झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणते. आपण त्या व्याख्येत नक्कीच बसता.

आजारपण संपले तरी झोप का परतली नाही, हे आधी समजून घ्यावे असे मला वाटते, कारण ते समजल्याशिवाय यंत्रासमोर बसण्यात फारसा अर्थ नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८०च्या दशकात निद्रानाशाची एक मांडणी केली, ती आजही आम्ही रोज वापरतो. काही माणसांची झोप मुळातच सावध असते. त्यात एखादा झोप मोडणारा प्रसंग येतो. आणि तो प्रसंग सरल्यावरही निद्रानाश टिकून राहतो तो मधल्या काळात जडलेल्या सवयींमुळे. सासूबाईंची हाक ऐकू यावी म्हणून दोन वर्षे आपले शरीर रात्री पहाऱ्यावर बसायला शिकले. हाक थांबली, पहारा उठला नाही. त्यानंतर झोपेची भरपाई करायची म्हणून आपण डोळ्यांवर पेंग नसतानाही दहालाच अंथरुणावर जाऊ लागला असाल, दुपारी आडव्या होत असाल, रात्री घड्याळ पाहून किती तास उरले याचा हिशेब करत असाल. असे शेकडो रात्री घडले की अंथरूण ही तळमळण्याची जागा आहे, असेच शरीर धरून चालते. बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर पेंगणारी बाई गादीवर पडताक्षणी टक्क जागी होते, ते यामुळेच.

आता बैठकीत नेमके काय होते ते सांगते. मागे टेकता येईल अशा खुर्चीत आपल्याला बसवतात. कपाळावर भुवयांच्या वर छोटे चिकट सेन्सर लावतात. ते तेथील स्नायूंतील विद्युत हालचाल मोजतात आणि ती व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत सांगतात. स्नायू आवळलेले असतील तर यंत्राचा सूर चढा राहतो, ते सैल पडू लागले की सूर खाली येतो. बोटाच्या टोकाला तापमान मोजणारा एक लहानसा सेन्सर असतो आणि पुष्कळदा पोटाभोवती श्वासाचा पट्टा बांधतात. बोटाचे तापमान पाहण्याचे कारण असे, की शरीर सावध झाले की हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटे गार पडतात, तर निवांतपणी त्या मोकळ्या होऊन बोटे उबदार होतात. झोपेचाही याच्याशी जवळचा संबंध आहे. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिले की, हातपाय उबदार होऊन शरीराच्या आतली उष्णता बाहेर जाऊ लागली की झोप लवकर लागते. त्यामुळे काशाच्या वाटीने तळपाय चोळण्याची आपली सवय मुळीच मोडू नका. फक्त तिच्याकडून झोपेची हमी मागू नका.

एक बैठक माझ्या चांगली लक्षात राहिली आहे. साठीच्या आसपासचे एक निवृत्त मुख्याध्यापक पहिल्यांदाच यंत्रासमोर बसले होते. पडद्यावर बोटाचे तापमान २७.६ अंश सेल्सिअस दिसत होते. मी त्यांना फक्त आकड्याकडे लक्ष असू द्या एवढेच म्हटले होते, पण आयुष्यभर निकाल वर नेण्याची सवय असलेल्या त्या गृहस्थांनी आकडा वर न्यायचाच असे ठरवले. त्यांची नजर पडद्यावर खिळली, जबडा आवळला गेला, डाव्या पायाची टाच जमिनीवरून उचलली गेली. आकडा २७.४ झाला, मग २७.१. दहा-बारा मिनिटांनी ते थकले, “जाऊ द्या मॅडम, मला नाही जमणार,” म्हणाले आणि मान मागे टाकून खिडकीबाहेर पाऊस बघत बसले. टाच खाली आली. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांना पडद्याकडे पाहायला सांगितले, तेव्हा आकडा २९.३ होता. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे रोज रात्री मी हेच करतो.”

हे एक वाक्य रुग्णाच्या स्वतःच्या तोंडून यावे, यासाठीच मला हे यंत्र मोलाचे वाटते. झोप ओढून आणता येत नाही, हे आम्ही कितीही समजावले तरी ते कानावरून जाते. स्वतःचे बोट गार होताना आणि हट्ट सोडल्यावर ते उबदार होताना पाहिले की ते अंगात उतरते. यंत्र झोप देत नाही. आपण कोठे आवळून धरले आहे ते ते दाखवते, आणि सहा-आठ बैठकांनंतर ते यंत्राशिवाय ओळखता आले पाहिजे. घरी रोज वीसेक मिनिटे, तीही दिवसा, सराव केला नाही तर बैठकांतून फारसे हाती लागत नाही.

उपयोग होईल का, या प्रश्नाचे उत्तर मात्र मला तोलून द्यावे लागेल. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून निद्रानाशासाठीची बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलणारी ‘सीबीटी-आय’ सुचवली, गोळी नव्हे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतही याच पद्धतीची ठाम शिफारस आहे. शिथिलीकरण एकटे वापरण्यालाही तेथे सौम्य शिफारस मिळाली आहे, पण केवळ बायोफीडबॅकविषयी शिफारस करण्याइतका पुरावा त्यांना आढळला नाही. म्हणून पुण्याला पहिल्याच भेटीत एक गोष्ट जरूर विचारा : “यासोबत माझ्या झोपेच्या वेळांवर काम करणार आहात का?” झोपेची दैनंदिनी लिहायला सांगितली, अंथरुणावर जाण्या-उठण्याच्या वेळा बदलल्या आणि त्याला बायोफीडबॅकची जोड दिली, तर जाणे-येणे सार्थकी लागेल. नुसते यंत्र लावून आठ वेळा बसवणार असतील, तर मी आपल्या जागी असते तर दुसरीकडे विचारणा केली असती. मधल्या काही बैठका फोनवर घेता येतील का, हेही विचारून पाहा.

तोवर घरी एक गोष्ट सुरू करा. तिची मांडणी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली केली आणि पन्नास वर्षांनंतरही तिच्या तोडीचे साधे उपाय थोडेच आहेत. पेंग आल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही. झोप लागत नाही असे वाटू लागले, साधारण वीस मिनिटे झाली असतील असा अंदाज आला, की घड्याळ न पाहता उठायचे. पुन्हा पेंग आली की परत यायचे. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ बदलायची नाही. “रात्री एक वाजता उठून जाऊ कोठे, घरात सगळे झोपलेले असतात,” असे बायका मला नेहमी विचारतात. स्वयंपाकघरात एक खुर्ची संध्याकाळीच मांडून ठेवा, मंद दिवा ठेवा आणि शाल घेऊन तेथे बसा. भाजी निवडणे, लसूण सोलणे ही कामे मात्र तेव्हा करू नयेत, कारण रात्री एक वाजता काम उरकले याचे समाधान मिळू लागले की जाग येण्याला एक बक्षीसच जोडले जाते.

प्रश्न : (योगशिक्षक, वय ३८, नाशिक) आपल्याकडे शवासन आणि योगनिद्रा असताना परदेशी यंत्राची गरज काय? माझ्या वर्गात योगनिद्रा सुरू केली की निम्मे लोक घोरू लागतात. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

उत्तर : आपल्या प्रश्नातील अभिमान मला समजतो, पण यंत्र आणि शवासन यांच्यात असा सामना लावण्याचे कारण नाही. या दोन्हींचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले आहे.

शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली क्रमाक्रमाने स्नायू सैल करण्याची आपली पद्धत ग्रंथरूपाने मांडली. “मी आता अगदी सैल आहे,” या रुग्णाच्या शब्दावर विसंबण्याची त्यांची तयारी नव्हती; स्नायूंतील विद्युत हालचाल मोजून ते खरेखोटे पाहत, आणि बायोफीडबॅकचे बीज त्या मोजण्यातच आहे. त्याच सुमारास, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. योगाला मोजमापाचे वावडे नाही, हे आपल्याच मातीत शंभर वर्षांपूर्वी ठरून गेले आहे. पुढे १९६९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. योगायोग असा, की त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे भरलेल्या संशोधकांच्या सभेत ‘बायोफीडबॅक’ हे नाव रूढ झाले. १९७० साली कॅन्ससमधील टोपेका येथे मेनिंजर फाउंडेशन या मानसोपचार संस्थेत संशोधक एल्मर ग्रीन यांच्यासमोर योगी स्वामी राम यांनी एकाच तळहाताच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक पाडून दाखवला. बोटाचे तापमान पाहून शिथिल होण्याची पद्धत ज्यांनी विकसित केली, ते ग्रीन पती-पत्नी हेच. १९७३ साली इंग्लंडमधील डॉ. चंद्रा पटेल यांनी तर योगातील शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक एकत्र करून रक्तदाबाच्या रुग्णांवर वापरले.

आता आपल्या वर्गातील घोरण्याविषयी. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद यांनी योगनिद्रेची जी पद्धत प्रचलित केली, तिच्यात जागे राहण्याचा संकल्प पहिल्यापासून आहे. सूचनांचा धागा सुटू द्यायचा नसतो. तेव्हा जे घोरतात त्यांना योगनिद्रा साधली असे न म्हणता त्यांची रात्रीची झोप अपुरी आहे असे म्हणणे योग्य ठरेल. त्यांच्यापैकी कोणी दीर्घकालीन निद्रानाशाचा रुग्ण असेल आणि आपला वर्ग संध्याकाळी सहाचा असेल, तर ती अर्ध्या तासाची डुलकी त्याच्या रात्रीच्या झोपेतून वजा होते. अशा साधकाला पाठीवर न झोपवता भिंतीला टेकवून बसवा.

यंत्र कोणाला लागते, तर ज्याला आपण आवळलेले आहोत हेच जाणवत नाही त्याला. शवासनात तासभर पडून राहूनही दाढा एकमेकींवर घट्ट दाबून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना विचारले तर ती मनापासून “अगदी मोकळे वाटते” असे सांगतात. आपल्यासारख्या अनुभवी शिक्षकाची नजर हेसुद्धा एक प्रकारचे बायोफीडबॅकच आहे. साधकाची जीभ टाळूला चिकटलेली आहे का, अंगठे आत वळलेले आहेत का, खांदे कानांकडे चढले आहेत का, हे आपण पाहून सांगू शकता.

अशांसाठी जेकबसनची पद्धत मला शवासनाच्या आधीची पायरी म्हणून फार उपयोगी वाटते. उजव्या हाताची मूठ निम्म्या ताकदीने मिटा, पाच-सात सेकंद तशीच धरून मनगटापासून कोपरापर्यंत काय जाणवते ते पाहा, आणि मग ती एकदम सोडून द्या. सावकाश उघडत नेऊ नका. हातातले ओझे निसटावे तशी ती सुटली पाहिजे. त्यानंतर अर्धा मिनिट काहीही न करता मघाचा आणि आताचा फरक न्याहाळा. मग डावी मूठ, दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या आणि पाऊल. माझ्या अनुभवात बहुतेकांचा मुक्काम जबडा आणि खांदे येथे पडतो, म्हणून तेथे दोनदा-तीनदा करायला हरकत नाही. मणक्याचे दुखणे, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा पायात गोळे येण्याची सवय असेल, तर तो भाग आवळू नये, फक्त सैल सोडावा. हा सराव सकाळी किंवा संध्याकाळी, जेवणाआधी करावा. जो माणूस तो प्रथमच रात्री अंथरुणावर करतो, तो प्रत्येक स्नायू सोडल्यावर “आली का झोप?” असे स्वतःला विचारत राहतो.

प्रश्न : (संगणक अभियंता, वय ३१, पुणे) मोबाइलवरील शिथिलीकरणाच्या सूचना लावून डोळे मिटले की मला उलट धडधडायला लागते, श्वास अपुरा पडतो, बोटांना मुंग्या येतात. मनगटावरचे स्मार्ट घड्याळ सांगते की माझी गाढ झोप रोज कमी आहे. शांत होणेसुद्धा मला जमत नाही का?

उत्तर : आपल्यात काही उणीव आहे असे कृपया समजू नका. शिथिल होताना अस्वस्थता वाढणे हा ओळखीचा अनुभव आहे. जे मन सतत सावध राहूनच सुरक्षित वाटून घेत आले आहे, त्याला सावधपणा सोडणे हाच धोका वाटतो. शिवाय डोळे मिटले की बाहेरचे सारे थांबते आणि हृदयाचा ठोका एकटाच ऐकू येत राहतो.

मुंग्यांचे कारण बहुधा आपल्या श्वासात आहे. “खोल श्वास घ्या” ही सूचना ऐकून पुष्कळ लोक छाती भरभरून आणि भराभर श्वास घेतात, त्यामुळे रक्तातील कार्बन डायॉक्साइड कमी होतो आणि गरगरणे, मुंग्या, श्वास पुरत नसल्याची भावना सुरू होते. श्वास मोठा घ्यायचा नाही, संथ घ्यायचा आहे. हृदयाच्या ठोक्यांतील चढ-उतारांवर आधारलेल्या बायोफीडबॅकमध्ये मिनिटाला सुमारे सहा श्वास या गतीचा सराव करतात, कारण त्या गतीला श्वास आणि हृदयाची लय एकमेकांशी जुळून येतात. आपण मिनिटाला दहा-बारा श्वासांपासून सुरुवात करा, नाकाने हलका श्वास आत, त्याहून थोडा लांब बाहेर. डोळे उघडे ठेवा, खुर्चीत पाय जमिनीला टेकवून बसा, आणि नजर खिडकीतल्या झाडावर किंवा समोरच्या भिंतीवर असू द्या. तीन मिनिटे पुरे. आठवडाभर ती तीन मिनिटे सहज गेली तर पाच करा. एरवीही, म्हणजे सराव नसताना, अशी धडधड होत असेल, तर डॉक्टरांकडून थायरॉइड व हृदयाची तपासणी करून घ्या आणि दुपारनंतरची कॉफी बंद करा.

घड्याळाविषयी माझे मत स्पष्ट आहे : ते रात्री काढून ठेवा. मनगटावरचे यंत्र हालचाल आणि नाडी यांवरून झोपेच्या टप्प्यांचा अंदाज बांधते; मेंदूच्या लहरी ते पाहत नाही. घड्याळाच्या आकड्यांमागे लागून झोप बिघडवून घेणारे रुग्ण अमेरिकेतील डॉक्टरांना दिसू लागले, तेव्हा २०१७ साली त्या अवस्थेसाठी ‘ऑर्थोसोम्निया’ असा शब्दच सुचवला गेला. सकाळी उठल्यावर आपल्याला कसे वाटते, हे आधी घड्याळाला विचारणे ज्या दिवशी थांबेल, त्या दिवसापासून उपचाराला खरी सुरुवात होईल.

प्रश्न : (निवृत्त औषधविक्रेते, वय ६७, कोल्हापूर) गेली नऊ वर्षे मी झोपेसाठी अल्प्राझोलाम घेतो. मेंदूच्या लहरी सुधारणारा डोक्याचा पट्टा मुलगा घेऊन देणार आहे. तो आला की गोळी बंद करावी असा विचार आहे. पत्नी म्हणते की मी मोठ्याने घोरतो आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो.

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण शेवटी लिहिले आहे. घोरताना श्वास थांबणे हे झोपेतील श्वासावरोधाचे, म्हणजे स्लीप ॲप्नियाचे लक्षण असू शकते, आणि अशा वेळी अल्प्राझोलामसारखी औषधे श्वास आणखी मंद करू शकतात. सर्वप्रथम छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांना भेटून झोपेची तपासणी करून घ्या. श्वासावरोधावर शिथिलीकरण हा उपचार नाही. घरच्या माणसाने रात्री मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करून ठेवले, तर डॉक्टरांना ते फार उपयोगी पडते.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे आपल्याला सांगण्याची खरे तर गरज नसावी. पण ग्राहकाला सावध करणारी माणसे स्वतःच्या बाबतीत घाई करतात, म्हणून लिहिते. नऊ वर्षांची सवय एकदम तोडली तर झोप पूर्वीहून वाईट होते, हातपाय कापतात, अस्वस्थता वाढते, आणि क्वचित आकडीही येऊ शकते. लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती थोडी थोडी, आठवडे किंवा महिने घेऊन उतरवावी लागते. या उताराच्या काळात शिथिलीकरण आणि झोपेच्या वेळांचे नियमन यांची चांगली साथ मिळते.

डोक्याच्या पट्ट्यावर सध्या पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे. मेंदूच्या लहरींवर आधारलेल्या प्रशिक्षणाविषयी निद्रासंशोधक पीटर हाउरी यांनी १९८१ साली एक मोलाचे निरीक्षण नोंदवले होते : तणावग्रस्त रुग्णांना एका प्रकारचे प्रशिक्षण मानवले, तर शरीराने मुळातच सैल असलेल्यांना दुसऱ्या प्रकारचे. म्हणजे सर्वांना एकच यंत्र, एकच कार्यक्रम, हे त्या काळीही पटणारे नव्हते. पुढे २०१७ साली ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील मानुएल शाबुस आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक रुग्णाला काही बैठकांत खरे प्रशिक्षण दिले, तर काही बैठकांत तसेच दिसणारे खोटे. केव्हा कोणते चालू आहे हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते. रुग्णांना आपली झोप सुधारल्यासारखी वाटली, पण ती दोन्हींत सारखीच वाटली. मुलाने प्रेमाने देऊ केलेली ती रक्कम झोपेच्या तपासणीसाठी वापरा.

प्रश्न : (शेतकरी, वय ४४, सांगोला तालुका) आमच्याकडे काही दिवस लाईट रात्रीची असते, त्यामुळे डाळिंबाला पाणी द्यायला रात्री शेतात जावे लागते. दिवसाची लाईट आली तरी मग रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. शिथिलीकरणाने जमेल का?

उत्तर : दादा, तुमच्या बाबतीत दोष शिथिल न होण्याचा नाही. तुमचे शरीर दर काही दिवसांनी एका गावाहून दुसऱ्या गावी हलवल्यासारखे होते, आणि त्याला स्थिर व्हायला वेळच मिळत नाही. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्यांची मागणी झोपेच्या दृष्टीनेही रास्त आहे, हे मी येथे आवर्जून लिहिते.

तोवर जमेल तेवढे करू. रात्रीची लाईट असेल तेव्हा शेतात जाण्याआधी संध्याकाळी तास-दीड तास झोपून घ्या. पहाटे परत आल्यावर खोली अंधारी करा, डोळ्यांवर सुती कापड बांधा आणि मुलांना सांगून तो वेळ राखून घ्या. पाणी रात्री असो वा दिवसा, झोपेचा एक तुकडा, समजा पहाटे चार ते सकाळी सात, दोन्ही आठवड्यांत तोच राहील असे पाहा. वर सांगितलेला मुठी आणि खांदे आवळून सोडण्याचा सराव परतल्यावर हातपाय धुऊन झाले की बसून दहा मिनिटे करा. अंगातला गारठा आणि मोटारीजवळ असतानाचा सावधपणा उतरायला त्याची मदत होईल. शेतात असताना, मोटार चालू-बंद करताना किंवा गाडीवर असताना मात्र तो अजिबात करू नका. अंधारात पाऊल टाकताना सावधच राहायचे आहे. दिवसाची लाईट सुरू झाली की पहिले दोन दिवस दुपारी झोपू नका, सकाळी उठल्याबरोबर उन्हात या.

एका वहीत पुढचे पंधरा दिवस लाईट कधी आली, शेतात कधी गेलात, कधी आडवे झालात आणि अंदाजे किती झोप झाली, एवढेच लिहा. ती पाने अंकाच्या पत्त्यावर पाठवा. तुमच्या वेळापत्रकात तो कायमचा तुकडा कोठे बसेल, ते पाहून मी कळवीन.